स्वार नसलेली सायकल

दिएन बिएन फूच्या लढाईचा इतिहास बहुधा नावार आणि ज्याप या दोन सेनापतींच्या नावाने सांगितला जातो. डोंगरांनी वेढलेल्या या दुर्गम खोऱ्यापर्यंत व्हिएतनामी सैन्याला पुरेशी रसद पोचवता येणार नाही, असा फ्रेंचांचा हिशेब होता. तो चुकवण्यात सायकलींचा वाटा मोठा होता. त्यांतल्या अनेक 'प्यूजो' या फ्रेंच बनावटीच्याच होत्या, हे विशेष. रसद वाहणाऱ्या श्रमिकांनी हँडलला बांबू बांधून ते लांबवले, बैठकीमागे उभा दांडा रोवला, सांगाडा बळकट केला आणि टायरांच्या आत चिंध्यांचे अस्तर घातले. अशा सायकलीवर कोणी बसत नसे. २०० किलोंहून अधिक तांदूळ वा दारूगोळा लादून ती चढउतारांवरून ढकलत नेली जाई. ७ मे १९५४ रोजी फ्रेंच तळ पडला.

यंत्राचा अर्थ निर्मात्यापाशी संपत नाही, वापरणाऱ्याचे हात तो नव्याने घडवतात, हे येथे स्पष्ट दिसते. इतिहासाच्या वाक्यात कर्तेपद सेनापतीला मिळते. क्रियापद मात्र अनेकदा ओझे ढकलणाऱ्यांचे असते. वाक्य वाचायला शिकवणाऱ्या आपण मंडळींनी तरी हे विसरू नये.