हायड्रेट, तेलवाहिन्या आणि नॅनोकण

पाण्याचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन पिंजऱ्यासारखी स्फटिकरचना उभी करतात आणि त्या पिंजऱ्यांत मिथेन, प्रोपेन किंवा कार्बन डायऑक्साइड यांसारख्या वायूंचे रेणू अडकतात, तेव्हा बर्फासारखा दिसणारा जो घन पदार्थ तयार होतो, त्याला वायू-हायड्रेट म्हणतात. त्यासाठी थंडी आणि दाब दोन्ही लागतात. मात्र दाब पुरेसा असेल, तर पाण्याच्या गोठणबिंदूच्या वरही तो तयार होतो. शुद्ध मिथेनला ४ अंश सेल्सिअसला सुमारे ४० वातावरणांचा दाब पुरतो, आणि तेलउद्योगाला झालेल्या उपद्रवाचे मूळ याच गुणधर्मात आहे.

या पदार्थाची ओळख मात्र तेलक्षेत्रात झाली नाही. ज्याला घन क्लोरीन समजले जात होते, त्यात पाणीही असते, हे हंफ्री डेव्ही यांनी १८१० च्या सुमारास दाखवले. १८२३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्याचे पृथक्करण केले आणि डेव्ही यांच्या सूचनेवरून ते स्फटिक बंद काचनळीत तापवले. नळीत तेलासारखा थेंब दिसला, तेव्हा प्रयोगशाळेत आलेल्या डॉ. पॅरिस यांनी अस्वच्छ नळ्या वापरल्याबद्दल फॅरडे यांना टोकले. पण नळी कानशीने घासताच ती फुटली, थेंब उडून गेला, आणि तो द्रवरूप क्लोरीन होता हे स्पष्ट झाले. पुढे १८८८ मध्ये फ्रान्समधील व्हिलार यांनी मिथेनचे हायड्रेट तयार केले, तरीही हा विषय बराच काळ रसायनशास्त्रज्ञांच्या जिज्ञासेपुरताच राहिला.

ही स्थिती १९३४ मध्ये पालटली. अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या लांब वाहिन्या थंडीत तुंबत, आणि हवामान गोठणबिंदूच्या वर असतानाही तुंबत. आत साचणारा पदार्थ बर्फ नसून हायड्रेट आहे, हे ई. जी. हॅमरश्मिट यांनी त्या वर्षी सिद्ध केले. उपाय म्हणून मेथॅनॉल किंवा ग्लायकोल सोडण्याची पद्धत रूढ झाली. ही द्रव्ये पाण्यात मिसळून हायड्रेट बनण्याचे तापमान खाली आणतात. परंतु तेलविहिरी खोल समुद्रात गेल्या, तसे थंडी आणि दाब दोन्ही वाढले, आणि ही द्रव्ये इतक्या प्रमाणात लागू लागली की त्यांचा साठा व पुनर्प्राप्ती हाच मोठा खर्च होऊन बसला. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात सुमारे १५०० मीटर खोलीवर फुटलेल्या विहिरीवर गळते तेल गोळा करण्यासाठी बसवलेला घुमट हायड्रेटनेच भरून निकामी झाला.

तेल आणि पाणी एकत्र वाहतात, तेथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. प्रवाहाच्या घुसळणीने पाण्याचे बारीक थेंब तेलात विखुरतात, म्हणजेच पायस तयार होते. तेलात विरघळलेला वायू थेंबाच्या पृष्ठभागावर पोचतो आणि तेथे हायड्रेटचे पातळ कवच धरते. कवच धरलेले दोन थेंब भेटले, की त्यांच्यामध्ये पाण्याचा सूक्ष्म पूल तयार होऊन ते चिकटतात, पुंजके वाढत जातात आणि अखेर वाहिनी बंद पडते. त्यामुळे हायड्रेट मुळीच होऊ न देण्याऐवजी ते होऊ द्यावे, पण पुंजके बांधू देऊ नयेत, असा विचार गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुढे आला. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच मानले पाहिजे.

नॅनोकणांचा प्रवेश येथेच होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आणि अशा १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना हे नाव आहे. तेल व पाणी यांच्या सीमेवर बारीक घन कण बसले, की पायस टिकाऊ होते, हे रॅम्सडेन आणि पिकरिंग यांनी १९०३ ते १९०७ या काळातच नोंदवले होते. पाणी व तेल दोघांनाही अंशतः ओले करता येतील असे सिलिकाचे कण थेंबाभोवती घट्ट कडे धरतात, वायूची वाट अडवतात आणि थेंबांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. याउलट पाण्यात मिसळणारे कण स्फटिकाला पहिला आधार देतात, तर धातूचे कण हायड्रेट बनताना सुटणारी उष्णता वाहून नेतात, म्हणून वाढ जलद होते. वायूच्या साठवणुकीसाठी हीच जलद वाढ हवी असते, कारण एक घनमीटर हायड्रेटमध्ये सुमारे १६० घनमीटर मिथेन सामावतो. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००८ मध्ये जलद्वेषी सिलिका पाण्यासह वेगाने घुसळून भुकटीसारखे कोरडे पाणी तयार केले आणि त्यात मिथेनचे हायड्रेट झपाट्याने बनवून दाखवले.

म्हणून नॅनोकण हायड्रेटला पोषक की मारक, हा प्रश्न कणाचा पृष्ठभाग, त्याचे प्रमाण आणि पाण्यातील क्षार सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही. प्रसिद्ध निष्कर्षांतील बराचसा विरोधाभास याच त्रुटीतून आला आहे. प्रत्यक्ष तेलवाहिन्यांत मात्र आजही मुख्य भिस्त मेथॅनॉल आणि ग्लायकोल यांच्यावरच आहे.