‘कॅसेट’वाल्या व्हिडिओ गेमचा इतिहास : अस्सल न पाहिलेली पिढी

#थ्रेड #इतिहास

१/१३
न्हावरे हे शिरूर–चौफुला रस्त्यावरचे, घोडगंगा साखर कारखान्यामुळे परिचित असलेले गाव. अशा गावांत १९९० च्या दशकात आणि त्यानंतर वाढलेल्या पिढीला मारिओ आणि कॉन्ट्रा ठाऊक आहेत. पण ज्या निन्टेन्डो कंपनीने मारिओ घडवला, तिचे मूळ यंत्र बहुतेकांनी पाहिलेलेही नाही. हे कसे घडले, त्याचा हा मागोवा.

२/१३
प्रारंभ जपानमध्ये. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने ‘फॅमिली कम्प्युटर’, म्हणजेच फॅमिकॉम, १४,८०० येनला बाजारात आणला. अभियंते होते मासायुकी उएमुरा. १९८५ मध्ये तोच अमेरिकेत एनईएस या नावाने व वेगळ्या पेटीत गेला. दोन्ही रूपांची मिळून जगभरातील विक्री सुमारे ६ कोटी १९ लाख. आपल्याकडच्या नकला या आकड्यात धरलेल्या नाहीत.

३/१३
या यंत्राचा मेंदू रिकोह कंपनीने बनवला होता. पण त्याचा गाभा एमओएस टेक्नॉलॉजीच्या १९७५ मधील ६५०२ या चिपचा होता. त्यातली दशमान गणिताची सोय तेवढी निकामी केलेली. ६५०२ घडवणारे अभियंतेही मोटोरोलातून बाहेर पडलेले होते आणि मोटोरोलाने त्यांच्या नव्या कंपनीला न्यायालयात खेचले होते. ज्याला आपण ‘अस्सल’ म्हणतो, त्याची वंशावळही इतकी सरळ नाही.

४/१३
अमेरिकी एनईएसमध्ये निन्टेन्डोने एक कुलूप-चिप बसवली. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचा संवाद जुळला नाही, तर खेळ सुरूच होत नसे. जपानी फॅमिकॉममध्ये मात्र असे कुलूप नव्हते. त्याची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकी ७२ पिनांची. आशियातील नकला फॅमिकॉमवरून निघाल्या, यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. आपल्याकडच्या कॅसेटही म्हणूनच ६० पिनांच्या.

५/१३
नकलेचे केंद्र होते तैवान. तेथील यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या प्रतिकृती बनवल्या. पुढे सगळे यंत्रच एका चिपमध्ये सामावले. नंतरच्या स्वस्त डब्यांत तर चिपला आवरणही नसे. सर्किटवर थेट सिलिकॉनचा तुकडा आणि त्यावर काळ्या राळेचा थेंब! डबा उघडून पाहिलेल्यांना तो थेंब आठवत असेल. स्वस्ताईचे रहस्य त्याच्याखाली होते.

६/१३
मग हे यंत्र देशोदेशी नवी नावे घेत गेले. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’, चीनमध्ये कळफलकासह ‘सुबोर’. भारतात ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ ही नावे रुळली. पुढे सेगाच्या यंत्रासारखे दिसणारे, पण आतून फॅमिकॉमच असलेले ‘टर्मिनेटर’ आले. रशियातील मुलांच्या लेखी डेंडी ही नक्कल नव्हतीच, ते एका खेळण्याचे नाव होते. आपल्या लेखीही तो नुसता ‘व्हिडिओ गेम’ होता.

७/१३
मूळ यंत्र येथे का आले नाही? १९९१ च्या उदारीकरणानंतरही ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर बंधने होती. उरलेल्या ७१५ वस्तूंवरील परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. तोवर सुट्या भागांची येथे जुळणी करणे किंवा माल आडमार्गाने आणणे, एवढेच मार्ग होते. निर्बंध उठल्यावर चिनी बनावटीच्या डब्यांचा ओघ वाढला.

८/१३
महाराष्ट्रात या व्यवहाराची मोठी ठिकाणे म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली. कॅसेट, अडॅप्टर, रिमोट सारे सुटे मिळे. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, ही विद्या कोणी शिकवली नाही, तरी सर्वांना येत होती. वस्तुतः कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने पिनांचा स्पर्श जुळे. फुंकरीतल्या दमटपणाने पिना गंजत.

९/१३
एक गोष्ट मात्र कौतुकाची. जपानी टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवी, आपला ५०. निन्टेन्डोच्या युरोपीय यंत्रात प्रोसेसरची गतीही घटली आणि सुरांची पट्टी उतरली. यूएमसीच्या ५० चित्रांच्या चिपांत ती गती जपानी यंत्राच्या जवळ ठेवली गेली. खेळ थोडे मंदावले, पण जपानी कॅसेट बव्हंशी सुरळीत चालल्या आणि सूर टिकले. ही आंधळी नक्कल नव्हती.

१०/१३
फसवणूकही होतीच. ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये खरे खेळ मूठभर; तेच खेळ वेगळ्या पातळीवरून सुरू करून यादी फुगवलेली. शिवाय बहुतेक कॅसेटमध्ये प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. वीज गेली की शेवटच्या पातळीवर पोहोचलेला खेळाडूही पुन्हा पहिलीपासून!

११/१३
बदकांवर नेम धरायची बंदूक आठवते? घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील संवेदक तो प्रकाश टिपे. ही किमया जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच साधे. सपाट पडद्याचे चित्र उशिरा व वेगळ्या रीतीने उजळते. न्हावऱ्याच्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, एलजीचा टीव्ही कारखाना आहे. असे सपाट टीव्ही घरोघरी आले आणि बंदूक निकामी झाली.

१२/१३
निन्टेन्डोने फॅमिकॉमचे उत्पादन २००३ मध्ये थांबवले. त्याच सुमारास मूळ पेटंटांची मुदत सरत गेली आणि यंत्राची प्रतिकृती बनवणे कायदेशीर झाले. खेळांचे स्वामित्वहक्क मात्र कायम आहेत. आज ॲनालॉगसारख्या कंपन्या एफपीजीए चिपमध्ये जुन्या सर्किटचे वर्तन हुबेहूब उभे करून जुन्या कॅसेट नव्या टीव्हीवर चालवतात. एकेकाळी नक्कल स्वस्ताईसाठी होत असे. आता ती जतनासाठी होते आणि महाग असते.

१३/१३
या नकलांच्या काळात खेळ रचणाऱ्यांना त्यांचा मोबदला मिळाला नाही, हे विसरू नये. पण ज्या देशात मूळ वस्तू पोहोचलीच नाही, तेथे या डब्यांनीच एका पिढीला पडद्यावरचे चित्र स्वतः हलवायला शिकवले. निन्टेन्डोचा इतिहास जपानमध्ये जपला जातो. आपल्या डब्यांची मात्र धड नोंदही नाही, आणि ते भंगारात चालले आहेत. घरच्या माळ्यावर असा एखादा असेल, तर टाकण्यापूर्वी छायाचित्र काढा. नाव, किंमत, कोणी, कुठून आणि कोणत्या साली आणला, हे घरच्यांना विचारून लिहून ठेवा. पुढच्या इतिहासकाराला साधन म्हणून तेच उपयोगी पडेल.