तळे मौजेचे, धरण कोणाचे?

अटलांटाहून ईशान्येला दीड-दोन तास गाडी हाकली की टोकोआ नावाचे छोटे गाव लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानांचे रंग पाहायला निघालेली आपली मराठी मंडळी टलूला गॉर्जची दरी पाहतात, पुलावर फोटो काढतात, डबे उघडतात आणि वेळ उरलाच तर परतताना टोकोआ फॉल्सला चक्कर मारतात. 186 फुटांवरून कातळावर सरळ कोसळणारी धार आहे. नायगाऱ्यापेक्षा उंच, असे तिथे आवर्जून सांगतात. (रुंदीचा विषय कोणी काढत नाही!) धबधबा एका बायबल कॉलेजच्या आवारात आहे आणि त्याच्याजवळ 39 माणसांचे स्मारक आहे. बहुतेक पाहुणे तेवढे वाचून मागे फिरतात. पण ती माणसे ज्यामुळे गेली ते धरण धबधब्याच्या वर, वाटेवरून न दिसणाऱ्या जागी होते.

माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली असली तरी पोट भरते सॉफ्टवेअरवर. धरणे हा काही माझा अधिकृत विषय नव्हे. पण आमच्या सबडिव्हिजनच्या मागे एक तळे आहे आणि तळे म्हटले की कुठेतरी बांध आलाच. त्या निमित्ताने मी टोकोआच्या धरणाचे चौकशी अहवाल मिळवून वाचले. ते वाचल्यापासून कुठल्याही तळ्याकाठी पिकनिकला गेलो की माझी नजर पाण्याऐवजी बांधाकडे जाते. घरच्यांना याचा कंटाळा आला आहे, हेही सांगून टाकतो.

त्या धरणाचे नाव केली बार्न्स डॅम. 1899 च्या सुमाराला टोकोआ क्रीकवर लाकडी चौकटीत दगड भरून एक बांध घातला गेला. हेतू छोट्या वीजनिर्मितीचा. 1937 नंतर तिथल्या बायबल इन्स्टिट्यूटने त्याच दगडी बांधावर माती चढवून मातीचे धरण केले आणि पुढे त्याची उंची आणखी वाढवली. शेवटी ते सुमारे 40 फूट उंच आणि 400 फूट लांब झाले. म्हणजे जुना बांध काढला नाही. तो आत पोटात तसाच राहिला आणि वर नवे काम होत गेले. आमच्या धंद्यात याला 'लेगसी कोड' म्हणतात. लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो, कागद नसतात, आणि 'चालतंय ना, मग हात लावू नका' हे एकमेव धोरण असते. केली बार्न्सच्या बाबतीतही चौकशीला बसलेल्या तज्ज्ञांना धरणाचे इंजिनिअरिंगचे आराखडे मिळाले नाहीत.

1957 मध्ये वीजनिर्मिती बंद झाली. माझ्या मते या धरणाच्या इतिहासातले खरे वळण हे आहे. वीज होती तोवर धरणाला एक काम होते आणि काम होते म्हणून रोज तिथे जाणारे माणूसही होते. वीज गेली आणि उरले चाळीस एकरांचे सुंदर तळे. मासे पकडावेत, काठावर बसावे. कारखान्याचे यंत्र बंद केले की ते थांबते. धरणाला मात्र निवृत्ती नसते. पाणी रात्रंदिवस तितक्याच जोराने ढकलत राहते, मग वर तुम्ही टर्बाइन चालवा नाहीतर नाव वल्हवा.

बांधाचा खालचा उतार फार उभा होता, काही ठिकाणी जवळजवळ 45 अंशांचा. मातीच्या धरणाला इतका उभा उतार मानवत नाही, पावसाने भिजल्यावर तर नाहीच. त्या उतारावर झाडे वाढली होती. झाडांनी बांध घट्ट धरून ठेवला आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात झाड उन्मळले तर मोठा खड्डा पडतो आणि मेले तर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात. 1973 मधल्या एका फोटोत तर खालच्या उताराचा बारा फूट उंच आणि तीस फूट रुंद तुकडा घसरलेला दिसतो. पुढची चार वर्षे धरण तसेच उभे राहिले.

2 ते 5 नोव्हेंबर 1977 या दिवसांत त्या भागात सुमारे सात इंच पाऊस झाला. त्यातला निम्मा 5 तारखेच्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पडला. रविवार 6 नोव्हेंबरच्या पहाटे दीडच्या सुमारास धरण फुटले. धबधब्यावरून लोट खाली आला आणि क्रीककाठी वसलेली ट्रेलर घरे, प्राध्यापकांची घरे आणि वसतिगृहाचा तळमजला त्याच्या वाटेत सापडले. विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांची कुटुंबे झोपेत होती. 39 माणसे गेली आणि त्यांत मुले बरीच होती.

तळ्यात पाणी होते तरी किती? अहवालाप्रमाणे सुमारे 630 एकर-फूट. पुणेकरांच्या भाषेत सांगायचे तर 0.027 टीएमसी. खडकवासल्याच्या आजच्या उपयुक्त साठ्यात अशी सत्तर तळी मावतील! पण फुटल्यावर त्याचा शिखर-प्रवाह सुमारे 24,000 क्युसेकवर गेला. मुठेत एवढे पाणी सोडले की भिडे पूल बुडतो. मुठेला निदान नदीचे पात्र आहे. इथे तेच पाणी एका ओढ्यातून गेले, आणि तेही कुणाला उठवायला वेळ न देता. धरण मोठे की छोटे हा प्रश्न त्यामुळे मला फसवा वाटतो. खाली कोण झोपले आहे, हे आधी विचारावे.

चौकशीत एकच एक कारण सापडले नाही. उभ्या उताराची घसरण, मुरलेले पाणी, भरावातून मातीचे कण वाहून जाऊन तयार झालेली नळीसारखी पोकळी, यांतले काही एकमेकांना मिळाले असावे असा निष्कर्ष निघाला. वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचे असेच असते.

जिमी कार्टर तेव्हा राष्ट्राध्यक्ष आणि जॉर्जियाचेच माजी गव्हर्नर. रोझलिन कार्टर लगेच टोकोआला जाऊन आल्या. धरणतपासणीचा संघराज्याचा कायदा 1972 मध्येच झालेला होता. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकवर कोळशाच्या गाळाचा बांध फुटून 125 माणसे मेली होती. धरणांची यादी झाली, पण तपासणीला पैसा मिळेना. टोकोआनंतर तो मिळाला. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या देखरेखीखाली 1981 पर्यंत सुमारे 8,800 धरणे पाहिली गेली आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरली. जॉर्जियाने 1978 मध्ये स्वतःचा सेफ डॅम्स कायदा केला. तोवर राज्यात असा कायदाच नव्हता.

मौजेच्या तळ्याची याहून मोठी आणि जुनी कथा पेनसिल्व्हेनियात आहे. पिट्सबर्गच्या बालाजीला जाणाऱ्यांनी पूर्वेला दीड तास वाट वाकडी करून जॉन्सटाउन जरूर पाहावे. तिथले साउथ फोर्क धरण मुळात कालव्यासाठी बांधलेले. काम संपल्यावर ते विकले गेले; मधल्या एका मालकाने तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात घातले, त्यामुळे तळे उतरवायची सोयच गेली. पुढे कार्नेगी, फ्रिक अशा धनिकांच्या क्लबने गाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली आणला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 रोजी धरण फुटले आणि 2,209 माणसे मेली. तुटलेल्या धरणाची दोन टोके आजही उभी आहेत आणि मधल्या खिंडाराजवळ जाता येते.

आपल्याकडचे पानशेत (12 जुलै 1961) सर्वांना आठवते. पण टोकोआशी खरे नाते मला तिवऱ्याचे वाटते. चिपळूण तालुक्यातले ते छोटे मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि सुमारे वीस माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले आणि सगळा महाराष्ट्र हसला. आता गंमत अशी की बिळांमुळे मातीचे बांध कमकुवत होतात हे इंजिनिअरिंगच्या दृष्टीने खरे आहे. इथे अमेरिकेत मस्करॅट आणि ग्राउंडहॉग तेच करतात. पण म्हणूनच तर बांधाची नियमित पाहणी करायची असते! बीळ एका रात्रीत होत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत आज नव्वद हजारांहून अधिक धरणे आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त खाजगी मालकीची, आणि करमणूक हा त्यांचा फार मोठा उपयोग. खाजगी मालक म्हणजे अनेकदा सबडिव्हिजनची होमओनर्स असोसिएशन, अर्थात तुम्ही आणि मी. घर घेताना आपण शाळा पाहतो, व्याजाचा दर पाहतो, वास्तू पाहणारे वास्तूही पाहतात. 'लेक व्ह्यू'साठी चार पैसे जास्त मोजतो. पण त्या 'व्ह्यू'बरोबर धरणाचा हिस्साही गळ्यात पडतो का, हे कागदपत्रांत क्वचितच कोणी वाचते.

यादी इंटरनेटवर खुली आहे. तिथे 'हाय हॅझर्ड' दिसले तर घाबरू नका. त्याचा अर्थ धरण कच्चे आहे असा नव्हे, ते फुटले तर जीवितहानी संभवते असा आहे. प्रकृती हा वेगळा रकाना असतो. आणि हा दर्जा बदलतो: धरण आहे तसेच राहते, पण खालच्या शेतात घरे उठली की तेच धरण धोक्याच्या वर्गात जाते. दुपारी फिरायला जाल तेव्हा खालच्या उतारावर नजर टाका. कोरड्या दिवसांतही एखादा पट्टा ओला, हिरवागार दिसतो का? सांडव्यात ओंडके अडकले आहेत का? स्वच्छ पाझर बहुतेक मातीच्या धरणांना असतोच, तो गढूळ झाला की मात्र थांबू नये, कारण मग पाण्याबरोबर बांध वाहतो आहे.

आमच्या असोसिएशनच्या मागच्या सभेत मी बांधावरची झाडे काढायचा विषय मांडला. सावली जाईल म्हणून विरोध झाला; पक्षी कुठे जातील, असेही एका आजींनी विचारले. खर्चाचा आकडा ऐकल्यावर वर्गणीवर तासभर वाद झाला. शेवटी इंजिनिअर बोलावून पाहणी करून घ्यायची, एवढे मंजूर झाले. झाडांचा विषय पुढच्या सभेत आहे.