जुना हायवे आणि घाटमाथ्यावरचं पाणी

मुंबईहून लोणावळ्याला एक्स्प्रेसवेने दोन तासांत पोचता येतं, आणि वाटेत आपण कुठून चाललोय याचा पत्ता लागत नाही. म्हणून गेल्या शनिवारी पनवेलला मुद्दाम जुन्या हायवेला लागलो. चौक, खालापूर, खोपोली, मग घाट. दोन दिवस, एक गाडी, चार माणसं, आणि वाटेत लागतील तेवढे तलाव बघायचे एवढाच बेत. या भागाचे फोटो टाकताना लोक 'निसर्गाची किमया' वगैरे लिहितात. गंमत अशी की यातला जवळपास एकही तलाव निसर्गाने केलेला नाही. प्रत्येकाला एक तारीख आहे, मालक आहे, आणि बहुतेकांच्या तळाशी कुणाची तरी भातखाचरं आहेत. पोस्ट लांब झाली आहे, सवडीने वाचा.

सुरुवात खोपोलीत. इथलं तळं आणि शेजारचं महादेवाचं देऊळ नाना फडणवीसांनी बांधलेलं. घाट चढण्याआधी दम घ्यायची ही जागा. तेव्हा घाटातून माल जायचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. गाड्या जातील असा रस्ता इंग्रजांनी केला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कमने तो खुला केला.

घाटात शिंगरोबाचं देऊळ लागतं. गाडी न थांबवता नाणं टाकणारे ड्रायव्हर आजही दिसतात. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: शिंगरोबा धनगराने साहेबाला वाट दाखवली आणि साहेबाने त्याला गोळी घातली. दर पावसाळ्यात ही गोष्ट व्हॉट्सॅपवर फिरते. कागदोपत्री पुरावा मागणाऱ्यांना एवढंच सांगतो की बोरघाटाची वाट साहेबाने 'शोधली' ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी याच वाटेच्या आसऱ्याने दोन हजार वर्षांपूर्वी खोदली गेली. वाट स्थानिकांचीच होती. लोककथेने तेवढं नेमकं धरून ठेवलंय.

अमृतांजन पूल आता नाही. ५ एप्रिल २०२०ला, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा मिळाला म्हणून, स्फोटकं लावून पाडला. वाहतुकीला अडथळा होत होता हे मान्य. पण दीडशेहून जास्त वर्षं उभी असलेली वास्तू गेली आणि आपण तिला शेवटपर्यंत एका बामच्या जाहिरातीच्या नावाने ओळखत राहिलो, याचं वाईट वाटतं.

रेल्वेचं काम तर याहून अवाढव्य. १८५६ ते १८६३, २५ बोगदे, आणि ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि उरलेलं काम त्याच्या बायकोने, अॅलिसने, तडीस नेलं. मजूर कॉलऱ्याने आणि अपघातांनी हजारोंनी मेले. त्यांची नावं कुठेही नाहीत. भुशी डॅमही याच रेल्वेचा. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून बांधलेला. तिथल्या पायऱ्यांवर बसून भजी खाणाऱ्या गर्दीला हे माहीत नसतं, आणि पाण्याची भीतीही नसते. ३० जून २०२४ला त्याच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली.

आता टाटांचे तलाव. लोणावळा, वळवण, शिरवटा. ८ फेब्रुवारी १९११ला लोणावळ्यात कोनशिला बसली आणि १९१५ला खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कल्पना साधी आणि अफाट: घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस अडवायचा, कालव्याने कड्यापर्यंत आणायचा आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचा. जुन्या रस्त्याने गेलात तर खोपोलीजवळ डोंगरावरून उतरणारे ते नळ दिसतात. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. हे पाणी मुळात पूर्वेकडे, इंद्रायणी-भीमेतून सोलापूरकडे जाणारं. बांधाने त्याची दिशा उलटली. पाताळगंगेतून ते आता कोकणात उतरतं आणि तिथल्या कारखान्यांच्या कामी येतं. ठोकळवाडीचं पाणी भिवपुरीहून उल्हास नदीत जातं, आणि कल्याण-डोंबिवलीचे नळ तिच्यावर चालतात. म्हणजे पुणे-सोलापूरकडून 'आमचं पाणी परत द्या' अशी मागणी येते तेव्हा तिला भूगोलाचा आधार असतो, आणि ते पाणी सरळ वळवलं तर खाली कोणाच्या तरी हंड्यात ठणठणाट होतो. दोन्ही खरं आहे. पुढाऱ्यांच्या भाषणात यातलं एकच येतं, सभा कुठे आहे त्यावर.

(मिसिंग लिंकचा बोगदा लोणावळा तलावाच्या तळाखालून काढलाय. वरून शंभर वर्षांपूर्वीचं अडवलेलं पाणी आणि खालून गाड्या. मला तरी त्यात जरा धडधडल्यासारखं होईल.)

रविवारी सकाळी वडगाव-तळेगावपर्यंत जाऊन आलो. १७७८च्या अखेरीस राघोबादादांना घेऊन पुणं जिंकायला निघालेली इंग्रज फौज याच घाटाने चढली. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टूर फाकडा', पडला. तळेगावात धान्य-चारा काही मिळेना, तेव्हा रात्रीत माघार घेताना त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या. वडगावला वेढले गेले आणि तह करावा लागला. मैदानात जिंकलेली ही लढाई आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते.

मग मुळशी. खरं तर सगळी सहल इथे यायला होती.

मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं तेव्हा ते खोरं आंबेमोहोराचं होतं. पन्नासेक गावं जाणार होती. भूसंपादनाचा १८९४चा कायदा हाताशी होताच. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, हजाराच्या वर माणसं धरणाच्या जागेवर जाऊन बसली. त्यात बायका होत्या, पोरं होती. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट इथेच सेनापती झाले. गांधीजींनी 'यंग इंडिया'त टाटांना आवाहन केलं. मार पडला, तुरुंगवास झाला, आणि तरी लढा १९२४पर्यंत चालला. शेवटी बापटांनी रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. धरण झालं. १९२७ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

आपण हे 'धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं आंदोलन' म्हणून अभिमानाने सांगतो. पण ते हरलं का, हे फार कमी वेळा विचारतो. राजेंद्र व्होरांनी यावर पुस्तक लिहिलंय, ते जरूर वाचा. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. सावकाराला जमीन बुडाल्याचं दुःख कशाला? त्याला मोबदला हवा होता, आणि तो बरा मिळत होता. कसणाऱ्या मावळ्याला भात हवा होता. एका सत्याग्रहाच्या तंबूत ही दोन माणसं बसली होती. पहिल्याचा भाव ठरला आणि दुसरा एकटा पडला. शिवाय शहरातल्या बऱ्याच देशभक्तांना प्रश्न पडला होता: वीज स्वदेशी, भांडवल स्वदेशी, मग विरोध कसला? हा प्रश्न आज विमानतळ, रिफायनरी, बंदर कशाच्याही बाबतीत जसाच्या तसा विचारला जातो.

मुळशीला हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण याच मावळात ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. मागणी पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्ध होती. धरणासाठी जमिनी दिलेल्यांना भीती होती की पाइप झाला की नदीकाठच्या शेतीचं पाणी जाईल. मेलेल्यांत एक बाई होती. रोज हजारो गाड्या तिथून शंभरच्या वेगाने जातात.

परतताना पवनेच्या काठाने आलो. टेंटवाल्यांचे बोर्ड एकाला एक लागून, 'लेकसाइड' लिहिलेले. एका टपरीवर चहा घेताना मालकाला विचारलं, जागा तुमची का? म्हणाला, "आमची पलीकडं होती," आणि पाण्याकडे हात केला. इकडची भाड्याने घेतलीय. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक ड्रोन घेऊन ते बघायला येतात, तेव्हा या काठावरचा धंदा बरा होतो, असं तो म्हणाला.