विज्ञानकथा म्हणजे नेमकं काय? लोणावळ्याला ४० मिनिटांत पोहोचणाऱ्या गाडीची गोष्ट

पुणे-लोणावळा लोकलने तुम्ही कधी ना कधी गेला असालच. शिवाजीनगर, पिंपरी, चिंचवड, देहू रोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली असं थांबत थांबत लोणावळ्याला पोहोचेपर्यंत सव्वा तास तरी जातोच. डेक्कन क्वीन मध्ये फारशी थांबत नाही, तरी तिलाही तासाच्या आसपास लागतो. पण एक गाडी आहे जी पुण्याहून निघून ४० मिनिटांत लोणावळ्याला लागते. तिचं नाव जिजामाता एक्स्प्रेस.

रेल्वेच्या ॲपवर शोधू नका, सापडणार नाही. ही गाडी धावते डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेत. तिचं इंग्रजी रूप 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात धडा म्हणून आलं. मी तळेगावचा. अकरावीत हा धडा वाचताना लोणावळ्याचं नाव आलं आणि मी चमकलो. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की एलियन उतरायचे ते न्यूयॉर्कमध्ये आणि टाइम मशीन बनायचं ते लंडनमध्ये. आपलं स्टेशनसुद्धा अशा गोष्टीत येऊ शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आज याच गाडीत बसून आपण समजून घेऊया की विज्ञानकथा म्हणजे काय, ती जगात आणि मराठीत कुठून आली आणि ती आपल्याला एवढी का खेचते.

विज्ञानकथा ओळखायची कशी?

रोबॉट, रॉकेट किंवा लेझर गन दिसली की ती विज्ञानकथा, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण एक सोपी चाचणी आहे. गोष्टीतली विज्ञानाची कल्पना काढून टाका. गोष्ट तरीही तशीच उभी राहिली, तर विज्ञान तिथे फक्त सजावटीला होतं. कोसळली, तर ती खरी विज्ञानकथा.

दुसरी खूण म्हणजे लेखक सहसा एकच मोठी गोष्ट बदलतो आणि बाकीचं जग प्रामाणिकपणे चालू देतो. जिजामाता एक्स्प्रेसचंच बघा. पुणे-लोणावळा रेल्वेचं अंतर साधारण ६४ किलोमीटर. ४० मिनिटांत जायचं तर सरासरी वेग ताशी ९६ किलोमीटर येतो. म्हणजे ही गाडी जादूची नाही. उत्तम देखभाल असलेल्या मार्गावर सहज शक्य वाटेल असा हा वेग आहे. पुढचा घाट मात्र गोष्टीतही आपल्या ओळखीचाच आहे, कारण इतिहास बदलला म्हणून सह्याद्री बदलत नाही!

मग बदललंय काय?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर गोळी लागून विश्वासराव पडले आणि लढाईचं पारडं फिरलं, हे आपण शाळेत शिकलो. नारळीकरांच्या गोष्टीत ती गोळी विश्वासरावांना चाटून जाते. फक्त एवढंच. त्यामुळे मराठे जिंकतात, ईस्ट इंडिया कंपनीला देशभर पसरता येत नाही आणि मुंबईपुरतंच तिचं राज्य उरतं. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्यात एका अपघातानंतर या दुसऱ्या जगात जाऊन पोहोचतात. त्यांची गाडी लोणावळा, कर्जत मागे टाकत जाते आणि वाटेत 'सरहद' नावाच्या छोट्या स्टेशनवर प्रवाशांचे परवाने तपासले जातात. कारण तिथून पुढे ब्रिटिशांची हद्द!

याला समांतर इतिहास म्हणतात. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ही कल्पना लगेच समजेल. आपण कोडची एक वेगळी ब्रँच काढतो, एक ओळ बदलतो आणि तिथून पुढे दोन्ही ब्रँच आपापल्या वाटेने वाढत जातात. गेम खेळणाऱ्यांसाठी सांगायचं तर एकाच सेव्ह पॉइंटवरून दोनदा खेळून दोन वेगळे शेवट गाठण्यासारखं. नारळीकर त्यासाठी दोन खऱ्या वैज्ञानिक कल्पनांचा आधार घेतात. एक आहे कॅटास्ट्रॉफी थिअरी, म्हणजे छोट्याशा बदलाने परिस्थिती अचानक पूर्ण पालटणं. दुसरी आहे पुंजभौतिकी, म्हणजेच क्वांटम फिजिक्स, जिथे इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात.

गंमत म्हणजे असा एक फाटा आपल्या मावळातही आहे. जानेवारी १७७९ मध्ये कंपनीची फौज बोरघाट चढून पुण्याकडे निघाली होती. मराठ्यांनी तिला वर येऊ दिलं आणि मग तिची रसद तोडली. ती तळेगावला पोहोचली तेव्हा गाव ओस पडलेलं होतं. परतताना वडगावला ती कोंडीत सापडली आणि कंपनीला तह करावा लागला. पुढे कंपनीच्या वरिष्ठांनी तो तह मानलाच नाही. तो पाळला गेला असता तर? आज वडगाव स्टेशनवर उतरणाऱ्या कुणालाही ही कथा लिहायला घेता येईल. सामान तयार आहे.

जगात सुरुवात कुठून झाली?

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ ची. आधुनिक विज्ञानकथेची सुरुवात बरेच जण तिच्यापासून मोजतात. माणूस प्रयोगशाळेत जीव तयार करतो आणि मग त्याची जबाबदारी टाळतो, असा तिचा विषय. फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये माणसाला चंद्राकडे पाठवलं. इंग्लंडच्या एच. जी. वेल्सने १८९५ मध्ये 'द टाइम मशीन' लिहिली. १९२६ मध्ये अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांचं मासिक काढलं.

भारतही फार मागे नव्हता. वैज्ञानिक जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ मध्ये बंगालीत विज्ञानकथा लिहिली. बेगम रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम' १९०५ ची. त्यात स्त्रिया राज्य चालवतात आणि सूर्याची उष्णता वापरतात.

तुमच्या फोनमधले काही शब्दही याच साहित्यातून आलेत. 'रोबॉट' हा शब्द कारेल चापेकच्या १९२० च्या चेक नाटकातला. 'सायबरस्पेस' विल्यम गिब्सनच्या १९८२ च्या कथेतून आला. नेटवर्कमध्ये आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमला 'वर्म' म्हणतात. तो शब्द जॉन ब्रुनरच्या १९७५ च्या कादंबरीने रूढ केला. आणि एआयवर वाद घालताना लोक आजही आयझॅक असिमोव्हचे रोबॉटचे तीन नियम काढतात. ते त्याने १९४२ च्या एका कथेत मांडले होते, कुठल्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नाही.

मराठीत ती कशी आली?

सुरुवात अनुवादाने झाली. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' या मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत क्रमशः येऊ लागली. १९१५ च्या आसपासची श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा मानली जाते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घराघरांत नेलं. हो, तेच फास्टर फेणेवाले भागवत. द. पां. खांबेटे, नारायण धारप यांनी वाचकाला अद्भुताची चटक लावली आणि दिवाळी अंकांमध्ये या गोष्टींना हक्काची जागा मिळू लागली.

खरं वळण आलं १९७४ मध्ये. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. तिच्यात 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! केंब्रिजहून परतून मुंबईत टीआयएफआरमध्ये काम करणारे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली होती. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिफाइड अकाउंट बाजूला ठेवून त्यांनी नव्या अकाउंटवरून पहिली पोस्ट टाकली.

त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनीही १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाउड' ही विज्ञान कादंबरी लिहिली होती. संशोधकाने गोष्टी लिहिणं कमीपणाचं नाही, हे नारळीकरांनी जवळून पाहिलं होतं. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशी पुस्तकं आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनीही आपापल्या वाटेने हे दालन वाढवलं. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

कृष्णविवराचा आणि तुमच्या फोनचा संबंध

कृष्णविवराजवळ गुरुत्वाकर्षण इतकं प्रचंड असतं की दूरच्या निरीक्षकाच्या तुलनेत तिथे काळ हळू सरकतो. ऐकायला गोष्टीतलंच वाटतं, पण तुमच्या मॅप ॲपला याच नियमाचा हिशोब रोज ठेवावा लागतो.

जीपीएसचे उपग्रह साधारण २० हजार किलोमीटर उंचीवर आहेत. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून त्यांची घड्याळं रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे ती ७ मायक्रोसेकंद मागेही पडतात. म्हणजे एकूण फरक ३८ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो. ही दुरुस्ती केली नाही तर अंतर मोजण्यातली चूक रोज तेवढ्याने वाढत जाईल. पुणे-लोणावळ्याएवढी चूक व्हायला सहा दिवसही लागणार नाहीत. भुशी डॅमचा रस्ता शोधताना आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद तुमच्या खिशात चालू असतो तो असा.

आपल्याला ही गोष्ट एवढी का खेचते?

पहिलं कारण अर्थातच नवल. 'हिमप्रलय' या नारळीकरांच्या कथेत मुंबईत बर्फ पडतो. मुंबईत! एवढं एक चित्र डोळ्यांपुढे आलं की पान उलटल्याशिवाय राहवत नाही. त्याच पानांवर हवामान म्हणजे काय आणि ते बिघडलं तर काय होतं, हेही आपण शिकून जातो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चांगली विज्ञानकथा नवीन यंत्र दाखवून थांबत नाही. त्या यंत्राने माणसांचं काय होईल, हे ती विचारते. आणि हा प्रश्न मावळाला नवा नाही, कारण उद्याचं जग आमच्या दारात बऱ्याचदा आधीच येऊन गेलंय.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. त्याआधी खंडाळा ते खोपोली हा घाट पायी, पालखीने किंवा गाडीने उतरावा लागे. ती रेल्वे बांधताना हजारो मजूर दगावले. १९१५ मध्ये, म्हणजे 'तारेचे हास्य'च्याच काळात, लोणावळ्याच्या धरणांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली सोडून खोपोलीला वीज तयार होऊ लागली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये अशाच धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा सेनापती बापटांसोबत शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला.

यातली प्रत्येक गोष्ट तिच्या आदल्या पिढीला विज्ञानकथाच वाटली असती. आणि प्रत्येक वेळी दोन प्रश्न होते. सोय कुणाची झाली, आणि किंमत कुणी मोजली? आज हेच प्रश्न एआय, चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि डेटा सेंटरबद्दल विचारायचे आहेत. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. रिव्ह्यूमध्ये आम्ही विचारतो की फीचर चालतंय का. चाललं तर पुढे काय होईल, हे विचारायची सवय मला कॉलेजने कमी आणि गोष्टींनी जास्त लावली.

हे प्रश्न इंग्रजी पुस्तकांत आहेतच. पण तळेगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याच्या जागी रोबॉट आला तर त्याच्या घरी काय बोलणं होईल, किंवा पवन मावळातल्या आजीचा आवाज एआयने हुबेहूब काढला तर काय होईल, हे कॅलिफोर्नियातला लेखक लिहिणार नाही. ते इथल्याच कुणीतरी, आपल्या भाषेत लिहायला हवं.

सुरुवात कुठून कराल?

नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहापासून सुरू करा. भाषा सोपी आहे आणि एक कथा लोकलच्या एका प्रवासात वाचून होते. मग 'उजव्या सोंडेचा गणपती' शोधून वाचा आणि आरशातली प्रतिमा म्हणजे काय याचा विचार करा. तिथून फोंडके, लोंढे, जावडेकर. गावातल्या वाचनालयात जुने दिवाळी अंक असतील तर तेही चाळा.

आणि पुढच्या वेळी लोणावळा लोकलमध्ये नेटवर्क गेलं, तर फोन खिशात ठेवून खिडकीबाहेर बघा. कामशेत ते मळवली एवढ्या वेळात एकच गोष्ट मनात बदलून पाहा. बाकी सगळं आहे तसंच ठेवा. पुढे काय होतं ते लिहून काढा.