रिठ्यातलं अरिष्ट

जपमाळेत मणी १०८च का, हे शोधता शोधता मी एका रिठ्यावर येऊन आदळलो. वाट वाकडी होती, पण पुढचं सगळं त्या वाकडेपणातूनच निघालं, म्हणून आधी तीच सांगतो.

चिनी भाषेत एक लहानसं बौद्ध सूत्र आहे. त्याचं भाषांतर पूर्व जिन राजवटीच्या काळातलं (३१७–४२०) मानतात. त्यात एक राजा दूत पाठवून बुद्धाकडे गाऱ्हाणं घालतो. सीमेवर लुटारू आहेत, धान्य महागलंय, रोगराई आहे, राज्यकारभारातून साधनेला वेळ नाही. काहीतरी सोपं सांगा. बुद्ध त्याला सांगतो, की मु-ह्वान-त्झं नावाच्या झाडाच्या १०८ बिया ओवून घे, माळ सतत जवळ ठेव आणि बुद्ध, धर्म, संघ म्हणत एकेक बी पुढे सरकव. आता हे झाड कुठलं? सूटहिल आणि होडस यांच्या १९३७ सालच्या चिनी बौद्ध शब्दांच्या कोशात त्या नावासमोर संस्कृत शब्द दिलाय: अरिष्ट.

मी चक्रावलो. राज्यावर अरिष्ट आलंय म्हणून राजानं धावा केला आणि बुद्धानं त्याच्या हातात १०८ अरिष्टं दिली? कोशातली पुढची ओळ वाचली आणि न्हाणीघरातला तो ओळखीचा, किंचित आंबूस वास नाकात आला. झाड रिठ्याचं होतं.

रिठा हा अरिष्टाचाच घासून गुळगुळीत झालेला अवतार आहे, यात शंकेला जागा नाही. ष्ट, ष्ठ यांचा ठ होणं आपल्याकडे रोजचंच: अष्टचं आठ, मुष्टीची मूठ, पृष्ठाची पाठ. आरंभीचा अ गळणंही नवं नाही. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला, तसा अरिष्टाचा रिठा. कुणाला अजून पटत नसेल, तर गुजराती किराणा दुकानात जावं. तिथे आजही ‘अरीठा’ मागतात. त्यांनी अ सांभाळला, आपण सांडला.

एवढं कोशातून उचलता येतं. मला छळत होता तो पुढचा प्रश्न: केस नि कपडे धुणाऱ्या एका निरुपद्रवी फळाला संकटाचं नाव कुणी आणि का दिलं?

उत्तराची पहिली पायरी अशी, की नाव संकटाचं नव्हतंच. ‘रिष्’ म्हणजे इजा होणं. अ-रिष्ट म्हणजे ज्याला इजा झाली नाही ते, सुखरूप. वेदातला तार्क्ष्य ‘अरिष्टनेमि’ आहे, म्हणजे त्याच्या चाकाची धाव अभंग आहे. जैनांचे बावीसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचंही हेच नाव. मग सुखरूपाचं संकट कसं झालं? अमरकोशाच्या काळापर्यंत गाडी दोन रुळांवर धावू लागली होती. अमरसिंह अरिष्टाचे शुभ आणि अशुभ असे दोन्ही अर्थ सरळ नोंदवतो. ही उलटापालट मराठी माणसाला तरी समजावून सांगावी लागू नये. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते. कुंकू पुसलं जात नाही, तेही वाढवतं. अंगाची आग करणाऱ्या देवीला आपण शीतळा म्हणतो. वाईटाचं नाव तोंडातून जाऊ नये म्हणून चांगलं नाव द्यायचं आणि मग पिढ्या उलटल्या, की वाईटाचा वास त्या चांगल्या नावालाच लागायचा. आयुर्वेदात मृत्यूच्या पूर्वखुणांना अरिष्ट म्हणतात, ते मला याच चालीचं वाटतं. आणि त्याच शास्त्रात दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट या आंबवलेल्या, न नासणाऱ्या औषधांत जुना अर्थ शाबूत बसलाय. एकाच वैद्याच्या तोंडी एक अरिष्ट मरणाचं आणि एक बाटलीतलं.

म्हणजे रिठा ‘इजा नसलेला’. पण इजा कुणाला नाही? इथून खरी मारामारी सुरू होते.

एक बाजू म्हणते, कपड्याला. तिच्याकडे भारी साक्षीदार आहे: मनुस्मृती. पाचव्या अध्यायात कुठलं वस्त्र कशानं शुद्ध करावं याची यादीच आहे. रेशीम आणि मेंढीची लोकर ऊषानं, म्हणजे खारट मातीनं. कुतप, म्हणजे डोंगरी बकरीच्या केसांची कांबळी, अरिष्टकानं. अंशुपट्ट नावाचं तलम वस्त्र बेलफळानं. जवसाच्या धाग्याचं कापड पांढऱ्या मोहरीनं. धोब्याच्या दुकानात लावावा असा हा तक्ता. रसायनशास्त्रही या बाजूला टेकू देतं. लोकर आणि रेशीम म्हणजे प्रथिनं, आणि तीव्र क्षारात प्रथिनं सडतात. रिठ्यातला फेस सॅपोनिनचा; त्याचं पाणी किंचित आंबट, क्षाराचा त्यात मागमूस नाही. म्हणूनच आजही पैठणी आणि पश्मिना रिठ्याच्या पाण्यातच घालतात आणि सोनार दागिना रिठ्याच्या पाण्यात बुडवून मऊ ब्रशानं घासतो. वस्त्राला इजा न करणारा तो अरिष्टक. किती सुटसुटीत!

जरा जास्तच सुटसुटीत. पुन्हा तो तक्ता वाचा. सगळ्यात नाजूक रेशीम, ते मनूनं कुणाच्या हवाली केलं? खारट मातीच्या. रिठ्याच्या वाट्याला आली राठ कांबळी. ‘कापडाला न दुखवणारा’ म्हणून जर याचं बारसं झालं असेल, तर रेशमाचा मान आधी त्याला मिळायला हवा होता. कोणी म्हणेल, कच्च्या रेशमावरचा डिंक काढायला क्षार लागतोच. लागतो, पण तो तलम कापड धुण्याचा प्रकार नव्हे, सूत तयार करण्याचा. माझ्या मते मनूची साक्ष एवढंच सिद्ध करते, की रिठ्यानं धूत असत. नाव त्यावरून पडलं, हे तिच्यातून निघत नाही.

माझा पक्ष दुसरा. इजा माणसाला नाही. रिठा ही राखण करणारी वस्तू होती आणि धुणं नंतरचं. पुरावा म्हणाल, तर बाळंतिणीच्या खोलीला अमरकोशात अरिष्ट म्हटलंय. भुताखेतांपासून सर्वांत जास्त जपायची जागा ती. सोळाव्या शतकातला भावमिश्र आपल्या भावप्रकाशात रिठ्याला ‘फेनिल’ तर म्हणतोच, पण ‘मांगल्य’ आणि ‘ग्रहजित्’ही म्हणतो. ग्रहजित्, म्हणजे मुलांना झपाटणाऱ्या ग्रहांना जिंकणारा. साबणाला हे विशेषण कोणी देईल का?

आणि मग चीन. सूत्रातल्या नावाच्या जोडीनं या झाडाचं दुसरं, जास्त चालणारं चिनी नाव आहे वू-ह्वान-त्झं. वू म्हणजे नाही, ह्वान म्हणजे पीडा, आपत्ती. निष्पीड. अ-रिष्ट! हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं. हिमालयाच्या दोन बाजूंना एकाच झाडाला एकाच अर्थाचं नाव, आणि त्या अर्थाचा धुण्याशी काडीचा संबंध नाही. भिक्षूंनी माळ नेली, माळेबरोबर नाव नेलं, तिकडे त्याचं भाषांतर झालं: मी त्याच रात्री निकाल लावून टाकला.

सकाळी निकालाला चिरा पडल्या. वू-ह्वान या नावाची एक वेगळी, पूर्णपणे चिनी गोष्ट आहे. चवथ्या शतकाच्या सुरुवातीचा त्स्वेइ पाओ नावाचा लेखक सांगतो, की एक मांत्रिक भुतांना पकडून याच लाकडाच्या दांडक्यानं बडवून मारत असे. भुतं या लाकडाला भितात असं लोकांत पसरलं, जो तो त्याची भांडी करू लागला आणि झाडाचं नाव पडलं ‘पीडा नाही’. या गोष्टीत बुद्ध नाही, माळ नाही, बीसुद्धा नाही. नुसतं दांडकं आहे. शिवाय ती सूत्राच्या भाषांतराहून जुनी असण्याचा संभव जास्त. म्हणजे नाव इकडून तिकडे गेलं, हे सांगणं अवघड झालं.

पण मी हार मानलेली नाही. नावामागच्या गोष्टी नावानंतर रचल्या जातात, हा कुळकथांचा पहिला नियम. त्स्वेइ पाओच्या मांत्रिकालाही तो लागू आहे. आणि समजा नाव गेलं नाही, दोन्हीकडे स्वतंत्रपणे पडलं, तर माझा पक्ष उलट बळकटच होतो: एकमेकांना न विचारता दोन समाजांना या झाडात तारणहारच दिसला. अडचण एकच, आणि ती लपवत नाही. आपल्याकडे दृष्टीसाठी पोरांच्या गळ्यात बजरबट्टू बांधतात, तो ताडाच्या जातीच्या झाडाचा. तिथे रिठा असायला हवा होता. तो नाही.

माशांना विचाराल, तर ते दोन्ही पक्ष हाकलून देतील. सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांवर घाला घालतं. रिठा ठेचून डोहात टाकला, की मासे भोवंडून वर येतात. त्यांच्या लेखी ते शुद्ध आधुनिक मराठीतलं अरिष्टच.

जाता जाता एक वैदर्भीय फांदी. विदर्भात महसुली कागदांवर काही गावांच्या नावापुढे ‘रिठ’ किंवा ‘रिठी’ लिहिलेलं असतं. रीठ म्हणजे उजाड गाव: शेतं आहेत, सातबारा आहे, वस्ती नाही. अरिष्ट येऊन ओस पडलं ते रीठ, अशी व्युत्पत्ती करण्याचा मोह मलाही झाला. पण अ गाळण्याची गरजच काय? ‘रिष्ट’, म्हणजे इजा झालेलं, नासलेलं. त्याचं सरळ रीठ होतं. माझा हा अंदाज बरोबर असेल, तर गंमत बघा. रीठ आला रिष्टापासून, रिठा आला अरिष्टापासून. एक म्हणजे नासलेलं, दुसरा म्हणजे न नासलेलं. मध्ये उभा असलेला एकुलता एक अ मराठीनं खाल्ला आणि हाडवैरी जुळ्या भावांसारखे दिसू लागले.

शास्त्रज्ञांनी तर या झाडाच्या नावाचा आणखीच घोळ घातलाय. वंशाचं नाव सॅपिंडस: ‘सॅपो’ म्हणजे साबण, ‘इंडस’ म्हणजे भारतीय. वाचून छाती फुगते. पण लिनिअसनं १७५३ साली सॅपिंडस सॅपोनारिया म्हणून ज्याची नोंद केली ते झाड अमेरिकेतलं, आणि नावातले ‘भारतीय’ म्हणजे कोलंबसाच्या चुकीनं भारतीय ठरलेले तिथले मूळ रहिवासी. आपल्या हिमालयाच्या पायथ्याच्या गोल रिठ्याचं नाव सॅपिंडस मुकोरोसी. गेर्टनरनं १७८८ साली ते दिलं आणि त्यातलं मुकोरोसी म्हणजे जपानी ‘मुकुरोजी’. जपानात याच्या काळ्या बियांना पिसं लावून मुली नववर्षाला फळीनं टोलवायचा खेळ खेळतात. आपल्याकडचा दक्षिणी रिठा, दोन-तीन फळं एकमेकांना चिकटलेला, सुरकुतलेला, तो तेवढा सॅपिंडस ट्रायफोलिएटस, म्हणजे त्रिदल. थोडक्यात भारतीय साबणातला भारतीय अमेरिकेचा आणि हिमालयातला रिठा जपानी.

साबणाचं कूळ सगळ्यांना ठाऊक आहे: चरबी, राख, आणि प्लिनीची नोंद, की हा गॉल लोकांचा शोध आणि तो केस तांबूस करायला वापरतात. शब्द पोर्तुगीजांनी आणला असं पुष्कळ जण बटाटा आणि पावाच्या ओघात सांगून टाकतात. मला ते पटत नाही. गुरू नानकांच्या (१४६९–१५३९) जपुजीत साबूण आहे, आणि गोवा पडलं १५१० साली. पंजाबात शब्द रुळायला पोर्तुगीजांची वाट बघावी लागली नव्हती. तो अरबी ‘साबून’ फारसीबरोबर जमिनीवरून आला, शेवटी ण घेऊन. आपला साबणही ण वालाच. सतराव्या शतकात देहूच्या तुकोबांनी, पाणीच निर्मळ नसेल तर साबण काय करणार, असा दाखला दिला. दाखला द्यायचा तर वस्तू ऐकणाऱ्याच्या घरातली हवी.

हल्ली प्रदर्शनांत हाती केलेल्या साबणाच्या वड्यांवर ‘रिठायुक्त’ छापलेलं दिसतं, तेव्हा मला हसू येतं. अशीच एक वडी मी घेतली. करणारीला विचारलं, कॉस्टिक सोड्यानं तेलाचा साबण झालाच आहे, मग रिठा कशाला? ती म्हणाली, ‘काका, लोक विचारतात.’ उत्तर प्रामाणिक होतं. क्षाराशिवाय धुणारं फळ क्षाराच्या वडीत पूड होऊन बसलंय, शोभेपुरतं. रिठ्याला रिठ्यासारखंच वापरावं: फोडून बी काढायची, टरफल रात्रभर भिजत घालायचं, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायचं आणि डोळे घट्ट मिटायचे.

ती काढून टाकलेली बी हातात घेतली आणि जाणवलं, की दोन पक्षांनी फळ आधीच वाटून घेतलंय. धुणाऱ्यांना लागतो गर, ओवणाऱ्यांना बी. मनूचं काम झालं, की उकिरड्यावर पडतं ते बुद्धाच्या राजाचं. मी पाव किलो रिठे आणून फोडले. बिया दगडासारख्या, पहिल्या तिघींवर सुया मोडल्या, मग शेजारच्या सुताराकडून बारीक ड्रिल आणलं. आतापर्यंत २७ ओवून झाल्यात. भिजवलेली टरफलं वाया कशाला घालवायची, म्हणून आजीची शाल काढून त्यांच्या पाण्यात बुडवली आहे.