न मोजलेली खेळी

आमच्या घरात बॉस्टन सेल्टिक्सचं वेड वारशानं आलं. बाबा १९६८ मध्ये शिकायला बॉस्टनला गेले आणि पुढच्याच मे महिन्यात सेल्टिक्सनं १३ हंगामांतलं ११वं विजेतेपद मिळवलं. लहानपणी मला गोष्टी मिळाल्या त्या याच संघाच्या.

१९५६ मध्ये प्रशिक्षक रेड आउरबाख यांनी एड मकॉली हा नावाजलेला खेळाडू आणि क्लिफ हेगन असे दोघे सेंट लुईसला देऊन बिल रसेलला मिळवलं. रसेलची ताकद बास्केट करण्यात नव्हती, अडवण्यात होती. ब्लॉक केलेला चेंडूही तो बाहेर न घालवता सहकाऱ्याकडे वळवायचा आणि बॉब कूझी तो घेऊन सुसाट सुटायचा. १९५९ ते १९६६ अशी सलग ८ विजेतेपदं या पायावर उभी राहिली. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. एनबीएनं ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात! त्याच्या सर्वांत मोठ्या कामाची अधिकृत नोंदच नाही.

शाळेच्या संघात बास्केट मी करायचे. प्रार्थनेच्या वेळी नाव माझं पुकारलं जायचं. सामन्याला आलेले बाबा मात्र टाळ्या वाजवायचे चेंडू अडवून माझ्याकडे देणाऱ्या मैत्रिणीसाठी. मला भारी राग यायचा.

ती याच बॅचची आहे. तिचं नाव कधी पुकारलं गेलं नाही, मीही कधी घेतलं नाही. मेळाव्यात भेटलो, की आधी तिला हेच सांगायचं आहे.